तीन वॅटची पेटी : काकड्यासाठी घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरचं प्रकरण

कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात रोज पहाटे पाचला काकडा होतो. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या अंगाचं. भातकापणीचे दिवस असतात, त्यामुळे काकडा आटोपून माणसं थेट शिवारात जातात. मंदिराचा सभामंडप तीस फूट लांब, वीस फूट रुंद. खाली शहाबादी फरशी, वर कौलं, तिन्ही बाजूंना भिंती आणि समोर दार. बुवा विणा घेऊन देवापाशी उभे राहतात, त्यांच्यामागे टाळकरी, एका कडेला मृदंग. बायका दाराकडच्या निम्म्या भागात बसतात.

बुवांचं वय अठ्ठ्याहत्तर. पाठांतर पक्कं आणि सूर अजून ठाम आहे, पण छातीतला जोर गेलाय. दोन वर्षांपूर्वी काकडा सुरू होऊन चार दिवस झाले असतील, तेव्हा आमच्या थोरल्या काकू घरी आल्या आणि म्हणाल्या, "अरे, टाळ तेवढे ऐकू येऊलेत. अभंग कुठला चाललाय तेच कळत नाही. ध्रुपद आलं की कळतं, तोवर नुसतं बसायचं." मी पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो. त्याआधी रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीवर पोट होतं. त्यामुळे गावात आवाजाचं काहीही बिघडलं की ते माझ्याकडे येतं.

त्यानंतर काय केलं, कुठे चुकलं आणि शेवटी काय टिकलं ते सगळं इथे लिहितोय. आसपासच्या गावांतून तीन-चार मंडळांनी विचारलं, आणि प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं.

आधी काय काय करून झालं होतं

मंदिरावर कर्णा आहे. तो लावा, असं पहिल्याच दिवशी दोघातिघांनी सुचवलं. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि काकडा पाचला असतो. नियम नसता तरी मी नको म्हटलं असतं. गावात बाळंतिणी आहेत, परीक्षेची पोरं आहेत. बुवांचा आवाज दारापर्यंत पोचवायचा होता, वेशीपर्यंत नव्हे.

दुसरी वस्तू होती मंडळाने वर्गणी काढून घेतलेला, चाकांचा आणि दांडीचा तयार स्पीकर. सोबत बिनतारी माइक. दोन वर्षांत त्याची आतली बॅटरी फुगली आणि तसलीच दुसरी मिळेना. वायरने लाइटवर चालवावा तर पहाटे लाइट असेलच असं नाही. शिवाय त्याच्यात घुमारा कायमचा चालू होता, तो बंद करायचं बटणच नव्हतं. बुवा शब्द संपवायचे आणि तो शब्द पुढच्या शब्दावर येऊन पडायचा.

मग मी घाईने एक प्रयोग केला. पीएएम ८४०३ आयसीची बोटभर तयार पाटी मिळते. पाच व्होल्टवर चालते आणि दोन्ही बाजू धरून तीन-तीन वॅटची म्हणून विकली जाते. ती मोबाइलच्या पॉवरबँकेवर लावली. अभंगांच्या मध्ये जरा शांतता झाली की पॉवरबँक आपोआप बंद पडायची, कारण एवढ्या कमी करंटला ती "काही जोडलेलंच नाही" असं समजते. तीन दिवसांत तो नाद सोडला. ती पाटी वाईट आहे असं नाही. घरात मोबाइलची गाणी ऐकायला छान आहे. या कामाला ती नव्हती, इतकंच.

आवाज कुठे हरवतो

इथे मी हत्यारं खाली ठेवली आणि दोन पहाटे नुसता मंडपात बसलो. एक दिवस पुढे, एक दिवस दारापाशी. या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम हेच झालं.

दारापाशी बुवांचा आवाज ऐकू येत होता. येत नव्हते ते शब्द. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून. स, श, त, क, च ही अक्षरं उंच पट्टीत असतात, साधारण दोन हजार हर्ट्‌झच्या वर. पितळी टाळांची किणकिणही त्याच भागात मोकाट असते. म्हणजे टाळ बुवांचा सूर झाकत नव्हते, त्यांची व्यंजनं झाकत होते. स्वर दारापर्यंत यायचा, अक्षर वाटेत विरघळायचं.

एवढं कळल्यावर "किती वॅटचा घेऊ?" हा प्रश्न मागे पडला. समजा बुवांच्या पुढ्यात फूटभर अंतरावर माइक उभा केला. त्यात बुवाही जाणार आणि चार फुटांवरचे आठ टाळही जाणार. मग तीन वॅट लावा नाहीतर तीनशे लावा, दोन्ही सारखेच मोठे होणार आणि अक्षर तसंच झाकलेलं राहणार. फरक पडतो तो माइक तोंडाच्या किती जवळ आहे याने. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबेलने वाढतो. फुटावरून तीन इंचांवर आणला तर अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे बारा डेसिबेल. टाळ होते तिथेच राहिले, त्यांचा आवाज माइकपाशी वाढला नाही. हेच बारा डेसिबेल ॲम्प्लिफायरकडून मागायचे तर सोळा पट ताकद लागते. तीन वॅटच्या जागी अठ्ठेचाळीस. आणि तेवढी देऊनही टाळ सोबत वाढणारच.

म्हणून मी ठरवलं, आधी माइक तोंडापाशी कसा राहील ते बघायचं.

विणेकऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. एका हातात विणा, दुसऱ्यात चिपळ्या. माइक हातात धरणं शक्यच नाही. मी जाड ॲल्युमिनिअमची तार वाकवून गळ्यात अडकणारी कमान केली, तिला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि टोकाला बटणाएवढं इलेक्ट्रेट माइकचं दाणं बसवलं. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये असतं तेच. वजन जाणवतही नाही. बुवांनी पहिल्यांदा ती कमान हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "माळेला लागंल का रे हे?" तुळशीची माळ आणि तार यांची घासाघीस त्यांना नको होती. त्यांचं बरोबरच होतं, माळ घासली असती तर खरखरही माइकमध्ये आली असती. मग कमान खांद्यांवर टेकेल अशी रुंद केली. दाणं ओठांसमोर न ठेवता डाव्या कोपऱ्याशी ठेवलं, कारण समोर ठेवलं की "प" आणि "भ" म्हणताना श्वासाचा फटका बसतो. वर स्पंजची टोपी घातली. विठ्ठलाचं नाव घेताना फटका बसत नाही, पण "पांडुरंग" आणि "भक्त" काकड्यात किती वेळा येतात ते मला तेव्हा कळलं.

बॅटरी आणि आयसीची निवड

बॅटरीचा प्रश्न माझ्या भाच्याने सोडवला. तो म्हणाला, "मामा, फवारणीचा पंप बघा की, आता तसाच पडून आहे." पाठीवरच्या बॅटरीपंपात बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाची बंदिस्त शिसे-आम्लाची बॅटरी असते. कार्तिकात भात पिकून उभं असतं, तेव्हा फवारणी नसते. चार्जर सोबतच असतो. पंप गावात पंधरा-वीस घरांत आहेत, म्हणजे एक बॅटरी बसली तर दुसरी मागून आणता येते. ॲम्प्लिफायरची पेटी खांद्याला लावायचे पट्टेही एका मोडक्या पंपाचेच वापरले.

बारा व्होल्टवर चालणारे आयसी पुष्कळ. टीपीए ३११० सारख्या डी वर्गाच्या आयसीच्या पाट्या आता स्वस्त मिळतात. त्या बॅटरी कमी खातात, तापत नाहीत आणि ताकदही जास्त देतात. तरी मी टीडीए २००३ घेतला. तो गाडीतल्या रेडिओसाठी बनवलेला, पाच पायांचा जुना आयसी. आठ ते अठरा व्होल्टवर चालतो. त्याच्याभोवती मोजून दहाएक सुटे भाग लागतात, आणि ते साध्या कंडेन्सर-रेझिस्टन्सचे असल्यामुळे डोळ्यांनी दिसतात आणि साध्या कावियाने (सोल्डरिंगच्या इस्त्रीने) डाग देता येतो. डी वर्गाच्या पाटीवरचा आयसी तिळासारख्या पायांचा असतो. तो गेला की पाटीच फेकायची. आमच्या गावातून बेळगावच्या बाजारात जाऊन यायचं म्हणजे एक दिवस जातो. काकड्याच्या चौथ्या दिवशी काही बिघडलं तर ते त्याच दुपारी माझ्या किंवा भाच्याच्या हातून नीट व्हायला हवं होतं. या हिशेबात जुना आयसी जिंकला.

ताकदीचा हिशेबही सांगतो, कारण दुकानात सांगतात तो आकडा आणि खरा आकडा यांत फार अंतर असतं. हा आयसी स्पीकरच्या एकाच टोकाला हलवतो, त्यामुळे बारा व्होल्टांपैकी वर-खाली मिळून साधारण दहा व्होल्टचा झोका हाती लागतो. दहाचा वर्ग शंभर, त्याला आठ गुणिले स्पीकरचे ओहम याने भागायचं. चार ओहमला जेमतेम तीन वॅट, आठ ओहमला त्याच्या निम्मे. म्हणून चार ओहमचा गाडीचा सहा इंची स्पीकर घेतला. तीन वॅट ऐकून मंडळातल्या एकाने तोंड वाकडं केलं. पण असला स्पीकर एका वॅटला मीटरभर अंतरावर नव्वद डेसिबेलच्या आसपास आवाज देतो आणि तीन वॅटला पंचाण्णव. बंद मंडपात तेवढा पुरतो.

जोडणी

ठिपक्यांची पाटी घेतली. आयसीच्या पायांची ओळख अशी: पहिला आवाज आत येण्याचा, दुसरा परत-जोडणीचा (फीडबॅकचा), तिसरा ग्राउंड म्हणजे बॅटरीचा उणे, चौथा स्पीकरकडे जाणारा, पाचवा बॅटरीचा अधिक. आवाज १० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून पहिल्या पायाला जातो. चौथ्या पायापासून ग्राउंडपर्यंत २२० ओहम आणि २.२ ओहम अशी साखळी. या दोघांच्या जोडावरून ४७० मायक्रोचा कंडेन्सर दुसऱ्या पायाला. २२० आणि २.२ यांच्या प्रमाणामुळे आवाज सुमारे शंभरपट होतो. चौथ्या पायातून १००० मायक्रोच्या कंडेन्सरमार्गे स्पीकर. चार ओहमशी हा कंडेन्सर चाळीस हर्ट्‌झच्या खालचं अडवतो. माणसाच्या गळ्याला ते भरपूर आहे, उगाच मोठा घालू नये. पाचव्या पायाशी अगदी चिकटून ०.१ मायक्रो आणि त्यासोबत १००० मायक्रो बॅटरीवर. आणखी एक जोडी लागते: चौथ्या पायापासून ग्राउंडला १ ओहम आणि ०.१ मायक्रो एकामागे एक. हिच्याबद्दल पुढे येतंय.

पूर्ण आवाजाला या आयसीच्या तोंडाशी सुमारे पस्तीस मिलिव्होल्ट लागतात. माइकचं दाणं तोंडाजवळ धरलं तर दहा-वीस मिलिव्होल्ट देतं, हळू म्हटलं तर त्याहून कमी. म्हणून मध्ये एनई ५५३२ हा छोटा आयसी लावला, दहा-अकरा पटीचा: १० के (म्हणजे १० किलोओहम) आणि १ के. त्याला मधला व्होल्टेज द्यायला दोन १० के रेझिस्टन्स आणि ४७ मायक्रो. त्याच्यानंतर १० केचा आवाजाचा खुंटा. दाण्याला चालायला वीज लागते, ती ४.७ के मधून.

आयसीला उष्णता काढायला हातभर पंखे लागत नाहीत. या व्होल्टेजला, चार ओहमवर तो जास्तीत जास्त दोन वॅट उष्णता टाकतो. जुन्या खिडकीच्या ॲल्युमिनिअमचा तळहाताएवढा तुकडा पुरला. या आयसीची पाठ आतून ग्राउंडलाच जोडलेली असते, त्यामुळे मध्ये अभ्रकही घालावा लागला नाही.

पेटीसाठी बारा मिलिमीटरचा प्लायवूड, आतून साधारण दहा लिटर. उघडा स्पीकर वाजवला की पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात, म्हणून पेटी हवीच. खानापूर म्हणजे कौलं आणि मडक्यांचा मुलूख. भाच्याचं म्हणणं होतं की माठालाच स्पीकर बसवू. माठ कडक असतो, कंप पावत नाही, आवाज खरंच चांगला आला असता. पण खांद्यावरून न्यायची वस्तू मातीची नको. पेटीत फाटक्या वाकळेतला कापूस भरला.

चार बिघाड

पहिल्यांदा जोडून चालू केलं तेव्हा आवाज आलाच नाही, आणि दोन मिनिटांत ॲल्युमिनिअमला बोट लावता येईना. मल्टिमीटर बॅटरीच्या तारेत घातला. हा आयसी गप्प असताना चाळीस-पन्नास मिलिअँपिअर घेतो. इथे २८० दिसत होते. स्पीकर गप्प आणि करंट सहापट, म्हणजे आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत स्वतःशीच ओरडत होता. मी घाईत चौथ्या पायावरची १ ओहम आणि ०.१ मायक्रोची जोडी लावायची विसरलो होतो. स्पीकरची गुंडाळी उंच पट्टीत जवळजवळ नसल्यासारखी वागते, आणि मग आयसीला टेकायला काही राहत नाही. ही जोडी ते टेकण देते. ती लावली, करंट अठ्ठेचाळीसवर आला. तेव्हापासून मी भाच्याला एक सवय लावली आहे: कुठलाही ॲम्प्लिफायर पहिल्यांदा चालू करायचा तो मल्टिमीटर लावूनच. कान खोटं बोलू शकतात, करंट बोलत नाही.

दुसरा बिघाड पहिल्याच पहाटे आला. भूपाळी चालू होती आणि स्पीकरमधून "टिटिक-टिटिक-टुर्रर्र" असं सुरू झालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण होतं एका टाळकऱ्याच्या खिशातला साधा टूजी मोबाइल. असा फोन टॉवरशी बोलताना सेकंदाला २१७ वेळा थांबत-चालत लहरी फेकतो. माइकच्या दाण्यात एक बारीक ट्रान्झिस्टर असतो, तो त्या लहरी पकडून त्यांचा आवाज करतो. फोन बाहेर ठेवा असं सांगणं सोपं होतं, पण रानात हत्ती किंवा गवे उतरले की निरोप फोनवरच येतो. म्हणून दाण्याच्या दोन टोकांनाच, अगदी पाठीवर, १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर डागला. तार जाळीवाली घेतली आणि जाळी फक्त एका टोकाला ग्राउंडला जोडली. टुर्रर्र थांबलं. फोन दाण्याला टेकवला तर अजून बारीक येतं, पण तसं कोण करतंय.

तिसऱ्या बिघाडाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. सहाव्या दिवशी, आरतीच्या वेळी, आवाज वाढवला आणि पेटीतून डिझेल इंजिनासारखं "पुट्-पुट्-पुट्" सुरू झालं. खुंटा कमी केला की थांबायचं, वाढवला की पुन्हा. बुवांनी कमान काढून ठेवली आणि आरती तशीच, बिनमाइकची झाली. तो दिवस मला आवडला नाही.

दुपारी पेटी उघडली. सगळे भाग ठीक होते. ताज्या बॅटरीवर वाजवलं तर काहीच नाही. मग त्या दिवशीची दमलेली बॅटरी लावली, पुन्हा पुट्-पुट्. बॅटरी जुनी, अर्धी उतरलेली, आणि तिच्यापर्यंत मी बारीक तार नेली होती. मोठा आवाज आला की मोठा आयसी करंट ओढायचा, त्याने बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली बसायचा. माइकच्या दाण्याची वीज त्याच तारेवरून येत होती, तीही बसायची. दाण्याला वाटायचं आवाज आला. तो "आवाज" हजारपट होऊन पुन्हा मोठ्या आयसीत जायचा, तो पुन्हा करंट ओढायचा. ओढाओढीचं हे चक्र सेकंदाला चार-पाच वेळा फिरत होतं.

उपाय दोन ठिकाणी केला. छोट्या आयसीची वीज १०० ओहममधून आणि २२० मायक्रोच्या कंडेन्सरवर घेतली. माइकच्या दाण्याची त्याही पुढे, १ के आणि १०० मायक्रोतून. म्हणजे मोठ्या आयसीने कितीही ओढलं तरी दाण्यापर्यंत तो झोका पोचेपर्यंत विरतो. दुसरं, ग्राउंडच्या तारा एकीतून दुसरीत अशा न नेता सगळ्या एकाच ठिकाणी, मोठ्या कंडेन्सरच्या उणे पायाशी आणल्या. स्पीकरचा करंट आता माइकच्या ग्राउंडवरून जात नाही. बॅटरीची तार जाड घातली. मग मुद्दाम त्याच दमलेल्या बॅटरीवर खुंटा पूर्ण फिरवून पाहिला. पुट्-पुट् गेलं ते आजतागायत आलेलं नाही. घरी टेबलावर ताज्या बॅटरीने केलेली चाचणी अपुरी असते, हे माझ्यासारख्या मोटारीवाल्याला आधीच कळायला हवं होतं. पंप तर आपण नेहमी कमी व्होल्टेजला चालवून बघतो.

चौथा बिघाड झालाच नाही असं म्हणता येईल. अंधारात भाच्याने बॅटरीच्या चिमट्यांची अदलाबदल केली. फट् झालं आणि सगळं गप्प. आम्ही दोघंही घाबरलो. पण अधिकच्या तारेत एक अँपिअरचा झटपट उडणारा फ्यूज होता. या आयसीची खासियत अशी की तारा उलट्या लागल्या तर तो स्वतः मोठा करंट सोसतो, आणि तेवढ्यात फ्यूज उडतो. गाडीत बसवताना मेकॅनिकची अशी चूक होणार हे धरूनच तो बनवलाय. नवा फ्यूज घातला, पेटी बोलायला लागली. नंतर चिमटे काढून उलटी बसतच नाही अशी पिन लावली. झाकणाच्या आत चिकटपट्टीने दोन फ्यूज जादा चिकटवून ठेवलेत.

पेटी कुठे ठेवायची

शिट्टी हा ज्याच्या त्याच्या ओळखीचा त्रास. पहिल्या दिवशी पेटी देवाच्या बाजूला, बुवांच्या मागे ठेवली होती, कारण ती तिथे शोभत होती. खुंटा पाव फिरवला की शिट्टी. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की असं होतं, आणि हे दाणं चारी बाजूंनी ऐकणारं. मग पेटी बुवांच्या पुढे, मंडपाच्या मधल्या खांबाला चार फूट उंचीवर, तोंड बायकांकडे करून टांगली. स्पीकर श्रोत्यांच्या निम्म्या अंतरावर गेला आणि माइकपासून लांब. खुंटा तीन चतुर्थांश गेला तरी शिट्टी नाही. फरशीवर ठेवलेली पेटी पुढच्या रांगेच्या पाठीत आवाज सोडते, हेही तेव्हाच दिसलं.

मृदंगाचा घुमारा माइकमध्ये घुसून तीन वॅटांतला बराच वाटा खात होता. त्यासाठी छोट्या आयसीनंतर ०.१ मायक्रोचा कंडेन्सर लावला. १० केच्या खुंट्याशी तो १६० हर्ट्‌झच्या खालचं कापतो. अक्षरं लख्ख झाली, पण बुवांचा आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा पातळ लागायला लागला. मृदंगीमामाच म्हणाले, "शब्द कळतोय खरं, पण बुवा कुठं गेले?" त्यांचा कान चाळीस वर्षांचा आहे. मी ०.२२ केला, कापण्याची जागा ७० हर्ट्‌झच्या आसपास आली. मृदंग थोडा आत येतो, बुवांचा गळाही येतो. आकड्यांनी पहिला कंडेन्सर बरोबर होता, मंडपाने दुसरा निवडला.

आता काय स्थिती आहे

काकड्यात पेटी साधारण दीड-पावणेदोन अँपिअरचा दहावा हिस्सा खाते, म्हणजे १५०-१७० मिलिअँपिअर. आठ अँपिअर-तासाची बॅटरी जुनी होऊन निम्मी उरली असं धरलं तरी वीस तासांच्या वर. रोजचा दीड तास धरला तर आठवड्यात एकदा चार्ज केली की झालं. साडेदहा व्होल्टच्या खाली जाऊ देत नाही, नाहीतर बॅटरी मरते आणि ज्याच्या घरची ती असेल तो श्रावणात फवारणीला बोंब मारतो. चार्जर लावलेला असताना पेटी वाजवायची नाही, त्याची गुणगुण येते.

थोरल्या काकू दाराशी त्यांच्या जागीच बसतात. पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी मला काही सांगितलं नाही, पण एका पहाटे मी पाहिलं, बुवांनी चरणाचा पहिला शब्द उच्चारला आणि त्या ध्रुपदाची वाट न पाहता तिथूनच ओठ हलवायला लागल्या. मला तेच हवं होतं. समाप्तीच्या दिवशी दिंडी गावातून फिरते, तेव्हा भाचा पेटी खांद्याला लावून बुवांच्या पुढे चार पावलं चालतो. सगळी मिळून सहा किलोच्या आसपास आहे, त्याला काही वाटत नाही. उघड्यावर भिंती नसल्याने आवाज लवकर विरतो. दहाबारा माणसांपलीकडे पोचत नाही, हे खरं. दिंडीसाठी दुसरी, मोठी करू असं काहींचं म्हणणं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

गेल्या वर्षी नदीपलीकडच्या गावातली कन्नड भजनी मंडळी पेटी बघून गेली. त्यांच्याकडे दोघं मिळून पदं म्हणतात, त्यामुळे त्यांना दोन दाणी हवीत. छोट्या आयसीत दोन भाग असतातच, दुसरा आमच्याकडे रिकामाच पडलाय. दोन्ही भागांपुढे एकेक १० के घालून जोडायचं ठरलं. आयसी आणि दाणी त्यांनी बेळगावहून आणली आहेत, बॅटरीपंप त्यांच्याकडेही आहेतच.

जोडणीचं चित्र मी कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर काढून झाकणाच्या आतून चिकटवलं आहे. परवा उघडून पाहिलं तर त्यातला ०.१ भाच्याने पेन्सिलीने खोडून ०.२२ केला होता, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मामांना विचारून".